रघुनानांच्या कम्प्युटरची सोयरीक

रघुनाना कम्प्युटर चालू करण्याआधी त्याची चौकशी करायचे. चपला उंबऱ्याबाहेर, टोपी गुडघ्यावर आणि उलटा तळहात मॉनिटरच्या माथ्यावर, ताप बघतात तसा. "काय व्हयनं रे भो? कोण काय बोलनं तुले?" मग खोलीत दाटीवाटीने बसलेल्या अख्ख्या गल्लीकडे वळून, आवाज खाली आणून सांगायचे, "जरा नाराजी शे. चहा होऊ द्या."

नाराजी! पडद्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहून आलेलं असायचं की मॉडेम सापडत नाही. वाचता येणारी निदान चार माणसं त्या खोलीत होती. पण एकाने तरी उठून म्हणावं की नाना, यंत्राला नाराजी नसते? नाही. सगळे माना डोलवून चहाची वाट बघायचे. समाज असाच झोपतो.

नाना मूळचे साक्रीकडचे. पंचायत समितीत नोकरी केली, निवृत्त झाल्यावर जळगावात आमच्या कॉलनीत घर बांधलं. पण नोकरी म्हणजे नुसतं निमित्त. जन्मभराचा खरा उद्योग म्हणजे लग्नं जुळवणं. धुळ्यापासून चाळीसगावापर्यंत असं गाव नसेल जिथे नानांनी जुळवलेलं एखादं जोडपं भांडत नसेल. बायको, अक्का, वारल्या, मुलगा सतीश अमेरिकेत गेला. तो एकदा सुट्टीवर आला तेव्हा समोरच्या खोलीत कम्प्युटर, मॉडेम, प्रिंटर असा सगळा सरंजाम लावून गेला. नानांनी त्या सरंजामाकडे थोडा वेळ पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. हे वऱ्हाड होतं.

"की-बोर्ड म्हणजे पोरीचा बाप," ते समजावून सांगायचे. "बोलायचं बठ्ठं त्यानेच. माऊस म्हणजे करवला, नुसता हुंदडतो. आणि प्रिंटर?" इथे ते थांबायचे आणि बायका आधीच हसायला लागायच्या. "प्रिंटर म्हणजे जावई. त्याले बोलवा, बसवा, कागद खाऊ घाला. तरी त्याचं आपलं कुठेतरी अडकेलच शे."

मॉडेम फोन लावताना जी किंचाळी मारतो ती तर नानांना फार प्रिय. पहिली शिटी म्हणजे रामराम. मग खरखर सुरू झाली की बोट ओठांवर. "श्श. मानपान चालू शे. दोन्हीकडचे काका बोली राह्यनात." आवाज थांबला की टाळी. "जमलं! पेढे आणा!"

दसऱ्याला त्यांनी त्या वऱ्हाडाची पूजा केली. हळद, कुंकू, झेंडूची माळ, आणि मंगलाष्टकांचा जन्मभराचा हात असल्यामुळे लांबून नेमक्या टाकलेल्या अक्षता. दुसऱ्या दिवसापासून फ्लॉपी आत जाईना. शेवटी उंदीर बाहेर काढावा तसं कॅबिनेट आडवं करून हलवलं, तेव्हा फटीतून कुंकू लागलेले तांदूळ टपटप पडले. नाना शरमले का? छे. "बघा," म्हणाले, "लगन विधिवत लागेल शे."

आता माझ्याकडे या. मी त्या काळी कॉलनीच्या पाण्यासाठी लढत होतो. शेवटच्या गल्लीत नळाला पाणी येण्याची तऱ्हा अशी होती की आलं तर बायका शेजारणीला हाका मारून दाखवायच्या. मी पत्रकं लिहिली. "पाणी हा हक्क आहे, उपकार नव्हे!" मी घरोघर वाटली. दर रविवारी दहा वाजता नानांच्या घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर सभा ठेवली, सतरंजी अंथरली. आणि बरोबर दहा वाजता नाना कम्प्युटरपुढे बसायचे.

परिणाम काय? सतरंजीवर मी, आमचा चिटणीस आणि सावलीला आलेली एक शेळी. समोर नानांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पोरं खिडकीच्या गजांना लटकलेली. माझी आईसुद्धा तिथे! माझ्या सभेला यायचं म्हटलं की तिचे गुडघे दुखायचे. नानांच्या फरशीवर मांडी घालून बसताना ते कधी दुखले नाहीत.

मला हेवा वाटायचा. वाटायचाच, आणि तो रास्त होता. मी गळा फाडून पाण्याबद्दल बोलतोय आणि लोक पलीकडे एका बंद खोक्याची समजूत घातलेली बघतायत. ते हसले की मला वाटायचं, हे हसू माझं आहे, चोरीला गेलेलं. चांगलं चाललेलं मशीन पाहायला कोणी जमलं नसतं हेही मला कळत होतं. पण ते नेमकं रविवारीच बिघडायचं आणि त्या बिघाडाला माझ्या भाषणापेक्षा मान होता.

म्हणून मी स्टॅण्डजवळच्या कम्प्युटर क्लासमध्ये नाव घातलं. संध्याकाळची बॅच. तिथे एकदा हाच बिघाड आला: मॉडेम सापडत नाही. सरांनी कॅबिनेटच्या मागे हात घातला, मॉडेमची वायर दाबली, स्क्रू आवळले, संपलं. ना नाराजी, ना मानपान. मी सायकलवर घरी येईपर्यंत मनातल्या मनात भाषण करत आलो.

सोमवारी नगरपालिकेवर मोर्चा होता. आदल्या रविवारी मी सतरंजी तशीच टाकून सरळ नानांच्या खोलीत शिरलो.

"नाना, मशीन मी चालू करतो," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "चालू झालं की इथले सगळे समोर सभेला, आणि उद्या मोर्चाला. कबूल?"

"या, पुढारी, या," नाना म्हणाले. "कबूल. आणि नही लागनं तर?"

"तर पुढच्या रविवारी सभा बंद. मीच इथे येऊन बसेन."

शेजारच्या कमलअक्का म्हणाल्या, "आधी घरचा नळ चालू कर रे भाऊ, मग इंटरनेट!" खोली हसली. हसा, म्हटलं. थोडा वेळ हसा.

मी टेबलाखाली वाकून कॅबिनेटच्या मागे हात घातला. वायर तिथेच होती, पण नुसती टेकवलेली. दोन्ही बाजूंचे स्क्रू शेवटपर्यंत फिरवून सोडलेले. एक स्क्रू ढिला होतो, मान्य. दोन्ही स्क्रू इतके नीट, स्वतःहून सुटत नाहीत. कोणीतरी बसून, बोटांनी, सोडवले होते. आणि या घरात नाना एकटेच राहत होते.

जनतेची उघड फसवणूक! पत्रकाचा मथळा तयार झाला. वायर हातात घेऊन मी डोकं वर काढलं, तोंड उघडलं.

नाना माझ्याकडे बघत नव्हते. कम्प्युटरकडेही नाही. इस्त्रीचा सदरा घालून, खुर्ची कोपऱ्यातल्या फोनजवळ ओढून ते फोनकडे बघत होते. माझं लक्ष आईकडे गेलं. तिने नुसती मान हलवली. नको. कमलअक्काही आता हसत नव्हत्या. खोलीतल्या एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

फोन वाजला. नानांनी पहिली घंटी पुरी होऊ दिली नाही.

"हां सतीश! कसली मेल रे बाबा, लागतच नही ना. हां, बंद केलं, परत चालू केलं. तू जेवला का? नही, हिरवा दिवा नही लागत. बर्फ शे का अजून? हां, हां, मागची वायर... एक जण बघी राह्यना. आधी हे सांग, छकुली बोलाले लागनी का? दे ना तिले. झोपली? असू दे, झोपू दे. मग तो दिवा... कोणता म्हणतोस? सांग, सावकाश सांग, माले कुठे जायचं शे."

तेव्हा मला उमगलं, जे सगळ्या गल्लीला आधीच माहीत होतं. रविवारी नानांची मेल वेळेवर पोचली की सतीशचं उत्तर यायचं, "ठीक आहे, काळजी घ्या." मेल पोचली नाही की तो घाबरून फोन करायचा आणि बिघाड सापडेपर्यंत ठेवायचा नाही. नाना बिघाड सापडू देत नव्हते. आणि गल्ली चहा पीत, हसत, तो न सापडायला मदत करत होती.

माझे वडील धुळ्याला राहतात, आई माझ्याकडे. त्यांच्या घरात फोन आहे. मी चळवळीत शिरल्यापासून त्यांनी तो मला लावायला म्हणून एकदाही उचललेला नाही. त्या दूरच्या, कधी न पाहिलेल्या सतीशचा मला असा हेवा वाटला की हातातली वायर गच्च धरली गेली.

"थांब," नाना फोनमध्ये म्हणत होते, "इथे आमचे पुढारी शेतस. क्लास करेल शे त्यासनी. त्यासलेच विचार." त्यांनी रिसीव्हर माझ्यासमोर धरला. माझ्या दुसऱ्या हातात काय आहे हे त्यांनी पाहिलं होतं.

"नमस्कार," पलीकडून सतीशचा थकलेला, सभ्य आवाज आला. "जरा बघता का, मॉडेमची वायर मागे नीट बसली आहे? स्क्रू आवळलेले आहेत?"

खिडकीतून मोकळा प्लॉट दिसत होता. खोलीभर माणसं होती, आणि एका शब्दावर ती सगळी माझी होती.

"बसली आहे," मी म्हणालो. "घट्ट आहे."

"मग कशाने होत असेल?"

"काही सांगता येत नाही," मी म्हणालो. "वेळ लागेल. तोवर तुम्ही नानांशी बोला." आणि रिसीव्हर परत देऊन आईशेजारी फरशीवर बसलो. तिने सरकून जागा केली.