गटार विभागातला खरा ताप

जे राष्ट्र ज्या गोष्टीवर जीव टाकते, तिला ते कधीही नावाने हाक मारत नाही. म्हणूनच इंग्लंडात दारू पिऊन कोणीही झिंगत नाही. तिथे माणसाला गिलावा होतो, हातोडा बसतो, त्याचे पाय नाहीसे होतात; फारच झाले तर तो 'थकलेला व भावुक' असतो. थॉर्नथ्वेट नगरपालिकेच्या गटार विभागाने असे ४१२ शब्दप्रयोग प्रमाणित केले होते. (दिलगिरीसाठी एकच आहे. तो दुसऱ्याने आपल्या पायावर पाय दिला की वापरतात.) सोमवारच्या रजेला मात्र कोळंबीच बाधे. गेल्या वर्षी त्रेसष्ट कर्मचाऱ्यांना मिळून १,१४० वेळा बाधली. समुद्र तिथून साठ मैल आहे.

क्लिफर्ड ऑलरॉइड हा विभागातला एकमेव कोरडा माणूस. बावीस वर्षे दर शुक्रवारी तो सगळ्यांबरोबर पबात जाऊन आल्याचे सरबत पीत असे. हेडक्लार्कची खुर्ची त्याला जिवापाड हवी होती. पण विभागप्रमुख मॉरीनबाई म्हणत, "ज्याच्याकडे लपवायला काही नाही, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

मुलाखतीच्या सोमवारीच क्लिफर्ड तापाने फणफणला; पारा एकोणचाळीस सेल्सिअसवर गेला. त्याने फोन केला.

"बाई, मला ताप आलाय. एकोणचाळीस."

"एकोणचाळीस? अरे राजा, पेले मोजत कशाला बसलास!"

"अहो, खरंच ताप आहे! थेंबसुद्धा घेतला नाही मी."

बाई गहिवरल्या. 'थेंबसुद्धा नाही' हा यादीतला शेवटचा, ४१२वा प्रयोग. तिथवर अजून कोणी पोहोचले नव्हते.

दुपारी त्याचा वैद्यकीय दाखलाही आला आणि विभाग उठून उभा राहिला.

"डॉक्टरसुद्धा पटवला पठ्ठ्याने!"

"आणि बावीस वर्षं आल्याचं सरबत म्हणून काय ढोसत होता, देव जाणे!"

बुधवारी बढतीचा हुकूम निघाला. कारण : गोपनीयता राखण्याची असामान्य क्षमता.

गुरुवारी क्लिफर्ड खरे सांगून टाकायला म्हणून बाईंच्या खोलीत शिरला. नवी खुर्ची तिथेच ठेवली होती. तिला हात होते, उशी होती.

"काय रे, आता कसं वाटतंय?"

क्लिफर्डने खुर्चीकडे पाहिले. "कोळंबी बाधली होती, बाई," तो म्हणाला आणि बसला.

वाचकांना हसू येईल, आणि ते साहजिकच आहे. आपल्याकडे असले थेर चालत नाहीत. आपल्याकडे एक जानेवारीला फक्त पित्त होते. (यंदाचे आपले उतरले ना?)