दुसऱ्या कडव्यातला माणूस

मला गाता येत नाही, पेटी वाजवता येत नाही, ताल तर माझ्या हाताला कधी सापडलाच नाही. मला फक्त गाणं ऐकून रडता येतं. पण ते काम मी मन लावून करतो. सतार सुरू झाली की गळा दाटतो, सारंगी सुरू झाली की रुमाल निघतो, आणि गाण्यात कोणी कोणाची वाट बघत असेल तर खालच्या मजल्यावरही कळतं की मनोजरावांकडे आज काहीतरी चांगलं लागलंय. आनंदी गाणी मी ऐकत नाही. (माणूस आनंदात असेल तर त्याने गप्प बसावं, गायचं कशाला, असं माझं मत आहे.)

मी नाशिकला राहतो आणि पिंपळगाव बसवंतला एका कोल्ड स्टोरेजमध्ये क्लार्क आहे. तिथेही माझी हीच ख्याती. म्हणूनच आमचा सुपरवायझर धनराज एक दिवस माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला. त्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नात, ऐन पाठवणीच्या वेळी, डीजेवाल्याने भलतंच नाचाचं गाणं लावलं होतं. नवरीसकट सगळे नाचले, नवरीच्या आईने गाडीपुढे फुगडी घातली, आणि पोरगी सासरी चालली होती की निवडून आली होती, असं पाहुणे अजून विचारतात. आता धाकट्या आरोहीचं लग्न आलं होतं.

"मनोजराव, या वेळी सगळा मांडव रडला पाहिजे," धनराज म्हणाला. "व्याह्यांकडचेसुद्धा. गाणं तुम्ही निवडायचं."

मी हो म्हटलं. माझा गुन्हा म्हणाल तर एवढाच.

एखाद्याने दोन-तीन गाणी सांगून विषय संपवला असता. मी डायरीच सुरू केली. कुठल्या गाण्याला कोण रडतं आणि कितव्या मिनिटाला, याची चाचणी घ्यायचं ठरवलं. पहिली अडचण अशी की माझं स्वतःचं रडणं चाचणीत धरता येईना, कारण मी सगळ्याच गाण्यांना रडलो. खालच्या मजल्यावरच्या कुसाबाईंना बोलावलं, तर त्या गाणं लागायच्या आधीच डोळ्याला पदर लावून बसल्या. त्यांना त्यांचे मिस्टर आठवले म्हणे. आमची कन्या तृप्ती कॉलेजात आहे. तिने सात गाणी ऐकली आणि विचारलं, "बाबा, यातलं एकही माणूस कामाला जात नाही का?"

राहिली मोहिनी, म्हणजे माझी बायको. ती नामपूरची, कांद्याच्या आडत्याची मुलगी. कांद्याने तिच्या डोळ्यांत पाणी येत नाही, तर गाण्याने काय येणार? स्वतःच्या पाठवणीला ती ड्रायव्हरला गाडी सटाण्यावरून घ्यायची की मालेगावावरून, ते समजावून सांगत होती. माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा मी स्ट्रेचरवर तिचा हात धरला आणि म्हटलं, तृप्तीला सांभाळ. ती म्हणाली, किल्ल्या कुठे ठेवल्यात? म्हणून मी हिशोब मांडला, की जे गाणं मोहिनीला रडवेल त्या गाण्याने धनराजचा मांडव वाहून जाईल.

तो रविवार होता. घरी बाहेरून मिसळ आणली होती. खाणं झाल्यावर मी सहज लावल्यासारखं करून यादीतलं नववं गाणं लावलं. जुनं गाणं, फारसं कोणाला माहीत नसलेलं. गाणारी बाई दारात उभी आहे, येतो म्हणून तो गेलेला आहे, आणि दुसऱ्या कडव्यात ती म्हणते की आता तू आलास तरी मी ओळख दाखवणार नाही. मोहिनी ताटल्या उचलत होती. दुसऱ्या कडव्याला तिचा हात थांबला. तिने तोंड खिडकीकडे वळवलं आणि ओढणीने डोळे टिपले.

मी आनंदाने डायरी उघडली. 'तीन मिनिटं दहा सेकंद, मोहिनी, दोन्ही डोळे' एवढं लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. मी विचारलं, काय गं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, रस्सा तिखट होता.

आता बघा. मोहिनीला अ‍ॅसिडिटी आहे. ती रश्शाला हात लावत नाही. मिसळ आणली की ती नुसती मटकी आणि दही खाते, आणि तिच्या वाटणीचा रस्सा मी पितो. मग तो तिखट होता हे तिला कसं कळलं?

माणूस उगाच रडत नाही. (मी रडतो, पण माझी गोष्ट वेगळी.) त्या दुसऱ्या कडव्यात कोणीतरी माणूस होता, आणि तो मी नव्हतो. मी तर रोज संध्याकाळी साडेसातला घरी येतो, माझी वाट बघायला दारात उभं राहायची गरजच पडत नाही. एकवीस वर्षं हिच्या मनात आपला पहिला नंबर आहे असं मी धरून चाललो होतो, आणि आता दुसरा निघत होता. मला खरंच फार वाईट वाटलं. जेवण सुटलं नाही, पण चव गेली.

मंगळवारी मी तेच गाणं पुन्हा लावलं आणि आरशातून तिच्यावर नजर ठेवली. या वेळी तिने सरळ येऊन गाणं बंद केलं, मोबाइल उलटा ठेवला आणि विचारलं, हे कुठून शोधून काढलंत? बुधवारी तृप्तीकडून कळलं की आईने ते गाणं तिच्याकडून स्वतःच्या फोनवर मागून घेतलंय. माझ्यासमोर बंद करायचं आणि माझ्यामागे ऐकायचं, याला काय म्हणायचं? मी तृप्तीला आडून विचारलं, मी ऑफिसात असतो तेव्हा आईचा मूड कसा असतो? ती म्हणाली, चांगला असतो. ते 'चांगला' मला दिवसभर टोचत राहिलं.

आणि शुक्रवारी मला नावच मिळालं. मोहिनी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता भावाशी, नामपूरच्या दीपकशी, फोनवर बोलत होती. माहेरच्या माणसांशी बोलताना ती अहिराणीवर जाते. मी पडद्यामागे उभा होतो. (पडदा नीट आहे का ते बघत होतो.)

"दीपक, तो फकिरा अजून गाना वाजाडस का रे?" तिने विचारलं. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. त्यावर ती म्हणाली, "मन्हं जे व्हयनं, ते त्यानामुये."

एकवीस वर्षं जावई असल्यामुळे एवढी अहिराणी मलाही कळते. माझं जे झालं ते त्याच्यामुळे. आणि हे बोलून ती हसली. ती रडली असती तर मी एक वेळ समजून घेतलं असतं.

म्हणजे फकिरा. आणि वाजवणारा. मला तो लगेच दिसायला लागला. मानेवर रुळणारे केस, पांढरा झब्बा, मोसम नदीच्या काठी बसून सारंगी वाजवणारा, काही कामधंदा न करणारा. माझी पंचाईत अशी झाली की मला गाणी ऐकवेनात. कुठलंही गाणं लावलं की सारंगीच्या मागून फकिरा डोकावायचा. आयुष्यात पहिल्यांदा मी आठ दिवस कोरडा राहिलो. ऑफिसात धनराज रोज विचारायचा, गाणं झालं का? मी म्हणायचो, संशोधन चालू आहे, पण प्रकरण वाटलं त्यापेक्षा खोल आहे. तो बिचारा माझ्याकडे आदराने बघायचा.

शेवटी मी रजा टाकली. घरी सांगितलं की कंपनीच्या कामाने सटाण्याकडे जातोय. मोहिनीने डबा दिला आणि वरून म्हणाली, नामपूर जवळच आहे, दीपककडे डोकावून या. किती निर्धास्त बाई, असं माझ्या मनात आलं. सटाण्याला उतरून दुसरी बस धरली आणि दुपारी नामपूरच्या कांदा मार्केटच्या गेटवर उभा राहिलो. सासुरवाडीला मी कधी जातो ते सणावाराला, आणि जावयाला घराबाहेर सोडत नाहीत, त्यामुळे लग्नानंतर बाजाराच्या या भागात माझं पाऊल पडलं नव्हतं. एका हमालाला विचारलं, फकिरा कुठे भेटेल? त्याने समोरच्या चहाच्या टपरीकडे बोट केलं. टपरीवर भोंगा होता आणि भोंग्यावर गाणं चालू होतं.

टपरीत एक पंचाहत्तरीचे बाबा बसले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी त्यांना विचारलं, फकिरा तुमचा मुलगा का? ते म्हणाले, फकिरा मीच. मी खाली बसलो. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की बाबा सारंगी काय, साधी पिपाणीही वाजवत नाहीत. लिलावाला ट्रॅक्टर घेऊन थांबलेल्या शेतकऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून चाळीस वर्षं ते भोंग्यावर गाणी लावतात, तेवढंच.

पण संशय एकदा बसला की जागा सोडत नाही. मी मोबाइल काढून ते नववं गाणं त्यांना ऐकवलं. म्हटलं, आडत्यांची मोहिनी आणि हे गाणं, काही आठवतं का? बाबा खुदकन हसले. न आठवायला काय झालं, म्हणाले, आणि चहा गाळता गाळता सांगायला लागले.

मोहिनीला बघायला एक स्थळ आलं होतं. नेमका लिलावाचा दिवस, तिच्या वडिलांना मार्केट सोडता येईना, म्हणून पाहुण्यांना गाळ्यावरच बसवलं, कांद्याच्या पोत्यांमध्ये सतरंजी टाकून. चहा फकिराबाबांच्या टपरीवरून गेला होता.

"नाशिकना पाव्हना पोरगी देखाले उना व्हता," बाबा म्हणाले. "भोंगावर हाई गाना लागनं, आन तो बशी हातमा धरीसन रडाले लागना. आम्हले वाटनं, याना घर कोनी तरी मरी गयं."

माझा चहा हातातच राहिला. पोत्यांमधली सतरंजी मला आठवली. गाणं आठवेना, कारण मी इतक्या ठिकाणी रडलोय की कुठे काय लागलं होतं ते लक्षात राहत नाही. बाबांचं चालूच होतं. मोहिनीचं मालेगावच्या एका इंजिनियरशी जवळजवळ ठरलं होतं. पण तिने पोत्यांच्या आडून हा रडणारा पाहुणा बघितला आणि वडिलांना सांगून टाकलं, मी करीन तर याच्याशीच, याच्या मनात काहीतरी मोठं दुःख आहे, याला कोणीतरी सांभाळायला पाहिजे. सगळ्यांनी समजावलं, पोरगी ऐकेना.

"तो बिचारा काही फार टिकना नसी," बाबा हळहळत म्हणाले.

मी म्हटलं, नाही, टिकलाय.

"वळखतस का तुम्ही त्याले?"

मी म्हटलं, थोडंफार.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो आणि मला हसू आवरेना. दुसऱ्या कडव्यातला माणूस मीच होतो. एकवीस वर्षांनंतरही ते गाणं लागलं की हिच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि मी हिच्यावर पाळत ठेवत होतो. मला माझी लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. मालेगावचा इंजिनियर मागे पडला होता, केवळ माझ्या अंतःकरणामुळे. नाशिकला उतरल्यावर मी गजरा घेतला. (मागचा कधी घेतला होता ते विचारू नका.)

घरी मोहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं कबूल केलं, रश्शापासून पडद्यापर्यंत. तिने मध्ये एकदाच विचारलं, फकिराबाबांचे गुडघे कसे आहेत? मी गजरा पुढे केला आणि म्हटलं, "मोहिनी, परवाचं ते पाणी माझ्यासाठी होतं. आता तरी कबूल कर."

तिने गजरा घेतला, वास घेतला, आणि शांतपणे सांगायला बसली. लग्नानंतर महिनाभर ती वाट बघत होती, की आज ना उद्या मी माझं दुःख तिला सांगेन. मुद्दाम विचारायचं नाही, फार जपायचं, असं तिने ठरवलं होतं. माझी कोणी सोडून गेली असेल, नाहीतर कोणी जवळचं माणूस गेलं असेल, असा तिचा अंदाज होता. शेवटी राहवेना म्हणून तिने माझ्या आईला एकटीला गाठून विचारलं. आई म्हणाली, त्याला कसलं आलंय दुःख, तो लहानपणापासून असाच आहे, रेडिओवर हवामान सांगताना मागे बासरी वाजली तरी रडायचा.

"म्हणजे तुला वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वाईट काय वाटायचं? लग्न झालं होतं."

"मग परवा पाणी कुणासाठी आलं?"

"माझ्यासाठी," मोहिनी म्हणाली. "पोत्याआडून बघत होती ना, त्या पोरीची कीव आली मला. फार भोळी होती हो." आणि उठता उठता तिने बजावलं की हे गाणं धनराजभाऊंना देऊ नका, त्या मांडवात आणखी लग्नाच्या मुली असतील.

मी गॅलरीत जाऊन खुर्चीवर बसलो. कपड्यांच्या दोऱ्या, समोरची टाकी, सगळं हळूहळू पुसट दिसायला लागलं. गालावरून काहीतरी ओघळलं. सारंगी नाही, सतार नाही, कोणाची वाट बघणारी बाई नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. हे दुःख खरं होतं आणि अगदी माझं स्वतःचं होतं.

मोहिनी चहा घेऊन आली. तिने माझ्याकडे बघितलं, मग आत चार्जिंगला लावलेल्या माझ्या मोबाइलकडे बघितलं, कठड्यावरून वाकून कुसाबाईंच्या खिडकीचा कानोसा घेतला, आणि संशयाने म्हणाली, "गाणं तर कुठंच लागलेलं नाही. मग आता काय झालं?"