सात पायऱ्या आणि एक कोरी चिठ्ठी

परमेश्वराची इच्छा जाणून घेतल्याशिवाय माणसाने कोणतीही योजना हाती घेऊ नये. आणि योजना पुरती पक्की झाल्याशिवाय परमेश्वराला त्याची इच्छा विचारू नये. पहिला नियम श्रद्धेचा आहे, दुसरा अनुभवाचा. अर्धवट आराखडा घेऊन गेलेल्या माणसाला देव काहीही सांगू शकतो, आणि मग ते ऐकावे लागते. बडोद्याच्या दयासागर मराठी मंडळीने हे दोन्ही नियम एकाच वेळी पाळून दाखवले, म्हणून तिच्या कार्याची ही नोंद.

दयासागर मंडळीचे चर्च रावपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आहे. (सापडत नसेल तर कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याला विचारावे. त्याला चर्च ठाऊक नाही, पण ‘रविवारे पेटी वागे छे ते’, म्हणजे रविवारी पेटी वाजते ते, असे म्हटले की तो बोट दाखवतो.) पटावर एकशे बारा सभासद आहेत. पैकी एकेचाळीस कॅनडात, सतरा पुण्यात आणि नऊ कब्रस्तानात असतात. या शेवटच्या नऊ जणांचे राजीनामे न आल्यामुळे त्यांची नावे कमी करता आलेली नाहीत. उरलेल्या पंचेचाळीसांतले सव्वीस रविवारी उपासनेला येतात, नाताळला चाळीस येतात, आणि प्रीतिभोजन असले की दोनशे.

इतक्या मोठ्या कारभाराला अकरा जणांची पंच कमिटी आहे आणि कमिटीला श्रीपतराव साळवे हे चिटणीस आहेत. वय बहात्तर. कोयलीला रिफायनरीच्या भांडार विभागात त्यांनी चौतीस वर्षे काढली. निवृत्तीनंतर कोणी नातवंडे सांभाळतो, कोणी कुंड्या. श्रीपतरावांनी आवक-जावक क्रमांक सांभाळले. माणूस मनाने अगदी लोण्यासारखा, फक्त ते लोणी कायम फाइलमध्ये ठेवलेले.

आता पायऱ्यांविषयी. चर्चला सात दगडी पायऱ्या आहेत, प्रत्येक वीतभर उंच, आणि आधाराला काही नाही. बांधणाऱ्या गवंड्याला बहुधा स्वर्गाचे अंतर तेवढेच कमी करायचे असावे. श्रीपतरावांच्या पत्नी पद्माबाई यांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी कामातून गेला. तेव्हापासून दर रविवारी श्रीपतराव त्यांना स्कूटरवरून आणतात, खाली कडुनिंबाखालच्या बाकावर बसवतात आणि स्वतः कागदपत्रांसह वर जातात. पद्माबाई चाळीस वर्षे आत तिसऱ्या बाकावर बसून गायल्या. आता त्या खिडकीतून ऐकू येईल तसे बाहेर गातात. आवाज येईपर्यंत थोडा वेळ जातो, म्हणून प्रत्येक गीत आत संपल्यावर बाहेर अर्धी ओळ उरते, आणि ती पद्माबाई एकट्या संपवतात. श्रीपतरावांना ती अर्धी ओळ दर रविवारी ऐकू येते. ती ऐकू आली की ते घाईघाईने उठून सूचना वाचू लागतात.

“अहो, एक पाइप लावायचा आहे पायऱ्यांना. धरून चढेन मी,” पद्माबाई एकदा जेवताना म्हणाल्या. “त्यात एवढं काय?”

“ते तर बराबर आहे. पण असं तोंडी चालत नाही. अर्ज दे.”

पद्माबाईंनी कॅलेंडरच्या पाठीवर अर्ज लिहिला आणि आमटीच्या भांड्यावरून पलीकडे दिला. श्रीपतरावांनी हात धुऊन त्यावर आवक क्रमांक घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाशेजारी उत्तर ठेवलेले होते: ‘आपला अर्ज मिळाला. सदर कठड्याची बाब मंडळीच्या भविष्य आराखडा २०४० मध्ये घेण्याबाबत ईश्वरी मार्गदर्शन प्राप्त झाल्यावर विचार करण्यात येईल. कळावे, लोभ असावा.’ (‘लोभ असावा’ हे नात्यामुळे. एरवी चिटणीसांच्या पत्रात ते नसते.) पद्माबाईंनी पुढे दोन स्मरणपत्रे दिली. दुसऱ्यानंतर चहातली साखर कमी झाली, पण अशा गोष्टींसाठी मंडळीत वही नाही.

भविष्य आराखडा २०४० ही कल्पना अध्यक्ष धनाजीराव पवार यांची. त्यांचे आजोबा संस्थानच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवीत आणि मिरवणुकीत सर्वांच्या पुढे चालत. तेव्हापासून त्या घराण्याला पुढचे दिसते. आराखडा तयार केला कमिटीतल्याच इंद्रनीलने. तो एका कंपनीत कंपन्यांना त्यांचे भविष्य सांगतो, आणि मंडळीसाठी हे काम त्याने सेवाभावाने, म्हणजे एका साखर कारखान्याच्या आराखड्यातले नाव बदलून केले. (बाविसाव्या पानावर ‘गाळप हंगाम’ राहून गेला आहे. कोणाची हरकत आली नाही.) त्यात तीन प्रस्ताव होते:

अ. चर्चच्या जागी तीन मजली सेवा संकुल. लिफ्टसह. लिफ्ट तिसऱ्या टप्प्यात, २०३८ साली. लिफ्टपर्यंत जाण्यास सात पायऱ्या.

ब. मोठा पडदा, कॅमेरे व ऑनलाइन उपासना, जेणेकरून कॅनडा व पुणे येथील सभासद जोडले जातील. (कब्रस्तानातील सभासदांबाबत चाचपणी चालू.)

क. अ आणि ब दोन्ही.

आता फक्त देवाला विचारायचे राहिले होते. पुस्तिका छापून आली होती, तिच्या मुखपृष्ठावर ‘प्रस्ताव क : ईश्वराने दाखवलेली वाट’ असे सोनेरी अक्षरांत होते, पण त्याला इलाज नव्हता. छापखान्यात दिवाळीची गर्दी सुरू होणार होती, आणि ती देवासाठी थांबली नसती.

मार्गदर्शन उपसमितीने एकवीस दिवसांची प्रार्थना जाहीर केली आणि प्रत्येकाला एक फॉर्म दिला. नाव, वेळ, प्रार्थनेचा कालावधी, ईश्वराने काय सांगितले (थोडक्यात). एकतीस फॉर्म परत आले. चौदा जणांना देवाने काही सांगितले नव्हते. सहा जणांना ‘एसी बसवा’ असे स्पष्ट ऐकू आले; हे सहाही जण बंद पंख्याखाली बसतात. पाच जणांना देवाने कमिटीत घेण्याविषयी सुचवले होते, आणि चौघांना त्या पाचांना घेऊ नये म्हणून. एकाने चुकून विजेच्या मीटरची तक्रार लिहिली होती. उरलेला एक फॉर्म पद्माबाईंचा. त्यात ‘पाइप’ एवढेच होते. उपसमितीने ‘संदर्भ लागत नाही’ असा शेरा मारला, आणि चिटणीस म्हणून खाली सही श्रीपतरावांची होती.

एवढ्याने निर्णय होईना, तेव्हा चिठ्ठ्या टाकायचे ठरले. प्रेषितांनीही एकदा चिठ्ठ्या टाकून माणूस निवडला होता, असा आधार पाळकसाहेबांनी दिला. नाताळच्या केकचा डबा आणला. अ, ब, क अशा तीन चिठ्ठ्या तयार झाल्यावर श्रीपतराव उभे राहिले. एक चौथी, कोरी चिठ्ठीही टाकावी, असे त्यांनी सुचवले. ईश्वराची स्वतःची काही सूचना असल्यास त्याला जागा असावी, नाहीतर प्रक्रिया एकतर्फी दिसेल.

“टाका ने, काय वांधा आहे?” धनाजीराव म्हणाले. देव ती वापरील असे कोणाच्याच मनात आले नाही.

चिठ्ठी काढायला अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या येसूबाईंना बसवले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे निःपक्षपातीपणाची खात्री. त्यांनी डब्यात हात घातला, चिठ्ठी काढली, पाळकसाहेबांनी उघडली. कोरी.

शाई उडाली असेल, असे धनाजीराव म्हणाले. देव अजून विचार करीत असावा, असे स्त्री मंडळाच्या निरुपमाबाईंचे मत पडले. इंद्रनीलने हा पहिला नमुना धरून पुन्हा काढू म्हटले. पुन्हा काढली. कोरी. तिसऱ्यांदा डबा हलवून, उलटा करून, दोघा पंचांनी फुंकून दिल्यावर काढली. कोरी. असे होण्याचा योग चौसष्टांत एकदा येतो, असे इंद्रनीलने मोबाइलवर काढून सांगितले; म्हणजे यात देवाचा हात नसून डब्यात दोष आहे, हे सर्वांना पटले.

मग ठराव होऊन कोरी चिठ्ठी बाजूला काढण्यात आली. चौथ्या खेपेला येसूबाईंच्या हाती ‘क’ आला. टाळ्या झाल्या, स्त्री मंडळातल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आले, आणि पुस्तिका वाटल्या गेल्या. इतिवृत्तात श्रीपतरावांनी लिहिले: ‘पहिल्या तीन प्रयत्नांत तांत्रिक अडचण आली. त्यानंतर ईश्वराची इच्छा स्पष्ट झाली.’

कोरी चिठ्ठी मात्र त्यांच्या खिशात राहिली. ती दप्तरी लावायची तर ‘मजकूर’ या रकान्यात काय लिहावे, हे चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कोणी शिकवले नव्हते. घरी आल्यावर त्यांनी ती पद्माबाईंपुढे ठेवली.

“तीनदा हीच आली. देवानं कोरा कागद का द्यावा?”

पद्माबाई बटाट्याचे शाक परतत होत्या. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली.

“मी तीनदा लिहून दिलं, त्यानं तीनदा कोरं दिलं,” त्या म्हणाल्या. “त्याचं बरं. तुमच्या कमिटीकडून उत्तर येत नाही हे त्याला आधीच ठाऊक. निदान शाई तरी वाचली त्याची.”

त्या दिवशी श्रीपतरावांनी पोळी अर्धी टाकली. पुढच्या रविवारी शेवटचे गीत आत संपले, बाहेर अर्धी ओळ उरली, आणि या खेपेस त्यांना सूचनांचा कागद सापडेना. तो हातातच होता. आपण दोन वर्षे आपल्या बायकोला बाहेर बसवून आत तिच्या अर्जाचे क्रमांक लावतो आहोत, हे त्यांना एकदम दिसले, आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

पण लाज वाटली म्हणून श्रीपतराव नियमाबाहेर जाणाऱ्यांतले नव्हेत. घरी येऊन त्यांनी मंडळीची नियमावली काढली. नियम एकतीस (ख): ‘किरकोळ दुरुस्ती चिटणीस स्वतःच्या अधिकारात, ठरावाशिवाय करील.’ हा नियम त्यांनीच एकवीस वर्षांपूर्वी टंकला होता. सोमवारी त्यांनी वेल्डरला बोलावले. वेल्डरने पायऱ्यांकडे पाहिले, मग श्रीपतरावांकडे.

“काका, आ तो दोढ कलाकनुं काम छे,” तो म्हणाला.

दीड तासाचे काम खरोखरच दीड तासात झाले. दयासागर मंडळीच्या इतिहासात अशी नोंद दुसरी नाही.

रविवारी पद्माबाई कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबून, सात पायऱ्या चढल्या आणि तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. त्या दिवशी गीत सगळ्यांचे एकदम संपले. बाहेर काही उरले नाही. श्रीपतरावांना सूचना वाचता आल्या नाहीत. त्या पाळकसाहेबांनी वाचल्या.

मंगळवारी श्रीपतरावांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. (ती चिटणीसांच्या सहीने निघणे आवश्यक असल्यामुळे त्यांनीच काढली.) मंडळीच्या वास्तूत ईश्वराला न विचारता काम केले, असा ठपका होता. आराखड्यात कठडा नाही. ज्या अर्थी तो आराखड्यात नाही त्या अर्थी तो देवाच्या मनात नाही. आणि देवाच्या मनात नसलेली वस्तू देवाच्या दारात उभी करणे ही गंभीर बाब आहे, असे धनाजीरावांनी स्वतः शब्द घातले होते.

पुढच्या रविवारी उपासनेआधी खास सभा भरली. अकरापैकी नऊ पंच कठडा धरून वर आले. इंद्रनीलच्या हातात लॅपटॉप होता, म्हणून त्याने एकच हात लावला. धनाजीराव दोन्ही हातांनी धरून आले आणि मधल्या पायरीवर दम खाण्यासाठी त्यालाच टेकून उभे राहिले. कठडा तूर्त काढून ठेवावा आणि मार्गदर्शन मागवावे, असा ठराव त्यांनी धापा टाकत मांडला. डब्यात दोन चिठ्ठ्या पडल्या: ‘काढावा’ आणि ‘लगेच काढावा’. कोरी चिठ्ठी टाकू नये याची काळजी या वेळी आधीच घेतली होती.

येसूबाईंचा हात डब्यात जाणार, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून पद्माबाई म्हणाल्या, “काढा ना, खुशाल काढा. फक्त मी खाली उतरल्यावर. चढले तशी उतरायची पण आहे मला.”

“मलापण,” येसूबाई म्हणाल्या आणि हात बाहेर काढला.

सभेने एकदम आपापल्या गुडघ्यांकडे पाहिले. अखेर धनाजीरावांनीच दुरुस्ती सुचवली आणि ती एकमताने मंजूर झाली: ‘सदर कठडा मंडळीतील शेवटची व्यक्ती खाली उतरेपर्यंत तात्पुरता ठेवावा.’ चर्चला कुलूप लावून सर्वांत शेवटी उतरतात ते श्रीपतराव. ते खाली पोचतात तोवर वेल्डरचे दुकान बंद झालेले असते, आणि पुढच्या रविवारी पुन्हा सगळे वर. कठडा अशा रीतीने अजून तात्पुरता आहे.

आराखडा २०४० चे काम जोरात चालू आहे. मार्गदर्शनाचे बरेच फॉर्म शिल्लक राहिले असून ते बाहेरच्या मंडळींनाही देण्याचे उपसमितीने ठरवले आहे. धर्माची अट नाही. श्रीपतरावांनी त्यात थोडी सुधारणा केली आहे. रकाना पहिला: तुमची योजना काय? दुसरा: ती कोणत्या तारखेला ठरली? तिसरा: देवाला कोणत्या तारखेला विचारले? (तिसऱ्या रकान्यातली तारीख दुसऱ्याच्या नंतरची असल्यास संकोच करू नये. आजवर आलेल्या सर्व फॉर्मांत तशीच आहे.) चौथा: तुम्ही आत बसून विचारत होता, तेव्हा तुमचे कोण खाली बाकावर बसले होते?

वाचकांनी आपला फॉर्म जरूर भरून पाठवावा. चौथा रकाना कोरा सोडला तरी चालेल. आतापर्यंत सर्वांनी तो कोराच सोडला आहे.