हिकोनेला दोन बाजूंनी

आमच्या चोआ चू कांगच्या ब्लॉकमध्ये लिफ्टचं दार बंद झालं आणि आत तुम्ही आणि कर्णिक असे दोघंच उरलात, तर तुमची सुटका नाही. हा माणूस जेवण झालं का विचारत नाही, उकाड्याबद्दल बोलत नाही. सरळ बोट रोखतो आणि म्हणतो, “समजा, तुम्ही टोकियोत आहात. हिकोनेला कसे जाल?”

माझ्यावर पहिल्यांदा पाळी आली तेव्हा माझ्या हातात मासळीची पिशवी होती. मी म्हटलं, “मी कशाला जाऊ? माझा बांगडा खराब होईल.”

“वा!” ते म्हणाले. “निदान खरं बोललात. बाकीचे सगळे चुकीची गाडी सांगतात.”

वरच्या मजल्यावरच्या चिनी अंकलनी एकदा इथल्या ढंगात “टॅक्सी लाह” असं उत्तर दिलं होतं. कर्णिकांनी त्यांच्याशी बोलणंच सोडलं.

दिगंबर कर्णिक जहाजावर चीफ इंजिनीअर होते. जन्म इंजिनाच्या खोलीत गेला. आता निवृत्त झालेत आणि मुलीकडे, मंजिरीकडे राहतात. मंजिरी नोकरीला सकाळी निघून रात्री परतायची, जावई फिरतीवर, म्हणून नातीला सांभाळायला आले ते इथलेच झाले. ब्लॉकमधली सगळी मराठी माणसं त्यांना चीफ म्हणतात, मला आक्का. मी मुलाकडे राहते, त्यांच्या शेजारच्या दारात. त्यामुळे त्यांची कटकट मला सगळ्यांत जास्त.

हिकोने म्हणजे जपानातलं एक जुनं गाव. भलंमोठं सरोवर, काठाला टेकडी, टेकडीवर पांढरा किल्ला, भोवती पाण्यानं भरलेला खंदक. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. जपान कुठं असतं ते मला चीफनी दाखवलं, आणि तेही माझ्याच परातीत. मी कणीक मळत होते. त्यांनी गोळा ओढून लांबट केला, वाकवला, मधोमध अंगठ्यानं खळगा केला. “हे सरोवर,” म्हणाले आणि त्यात पाणी ओतलं. “या अंगाला ओसाका, त्या अंगाला टोकियो. आता जा.”

त्या दिवशीच्या पोळ्या चिवट झाल्या. मुलगा म्हणाला, “आई, आज काय झालं?” मी म्हटलं, “आज जपान खातोयस तू. गप खा.”

चीफचा एक नियम होता. ज्या गाडीचा तोरा मोठा, ती आपली नाही. टोकियोहून सुटणारी सगळ्यांत वेगवान गाडी मैबारा नावाच्या स्टेशनावर थांबतच नाही, ती भर्रकन ओसाकाला जाते. आपण तिच्यापेक्षा सावकाश गाडी धरायची, मैबाराला उतरायचं, साध्या गाडीत बसायचं, की पुढचंच स्टेशन हिकोने. ओसाकाहून येणाऱ्याला गाडी बदलावी लागत नाही. “डेड स्लो अहेड, आक्का!” असं ओरडायचे. म्हणजे अगदी सावकाश पुढं; जहाज धक्क्याला लावताना असं ओरडतात म्हणे. इथं नात आंघोळीला जात नसली तरी तेच ओरडायचे.

नात रेवा मात्र त्यांच्यावर भारी. “आजोबा, सगळं फोनमध्ये असतं लाह! व्हाय यू सो लाइक दॅट?”

“फोन बुडाला तर?”

“ट्रेनमध्ये फोन कसा बुडणार?”

“जहाजावर सगळं बुडतं,” म्हणायचे, आणि विषय संपवायचे.

इथली आपली मंडळी सुट्टी लागली की जपानला पळतात. चीफना वास लागायचा. कुणी जपानचं नाव काढलं की हे त्याच्या घरी जाऊन चहा मागायचे आणि त्याला हिकोनेला वळवायचे. नुसतं सांगून भागायचं नाही. ते तालीम घ्यायचे.

तालीम आमच्या एमआरटीवर, म्हणजे इथल्या मेट्रोवर. चोआ चू कांग म्हणजे टोकियो. जुरोंग ईस्टला गाडी बदलावी लागते, म्हणून ते मैबारा. तिथून पुढचं स्टेशन चायनीज गार्डन, तिथं तळं आहे, बाग आहे. ते हिकोने. जपानच्या गावाला जायला चायनीज गार्डनला उतरायचं हे मला कधी पटलं नाही, पण मला कोण विचारतो.

आणि गंमत अशी, की चीफ माणसांना एकत्र कधीच पाठवायचे नाहीत. सेरंगूनला राहणारं एक नवराबायकोचं जोडपं होतं, दोघं पुण्याची, दोघं कॉम्प्युटरवाली. चीफनी त्यांची फोड केली. नवरा त्याच्या घरून निघणार, म्हणजे तो ओसाकाहून. बायको आमच्या इथून, म्हणजे टोकियोहून. भेट तळ्याकाठी. एकमेकांना फोन करायचा नाही. अडलं तर दोघांनी मला करायचा.

“मला का?” मी म्हटलं.

“दोन जहाजं एकमेकांशी बोलत बसली की आदळतात. दोघांनी बंदराशी बोलायचं. तुम्ही बंदर.”

बंदर म्हणून मी जांभळी साडी नेसून तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसले. बायको बरोबर पोहोचली. आम्ही दोघींनी मिळून डब्यातली भडंग संपवली, तिनं सासूबद्दल पुष्कळ सांगितलं, मी ऐकून घेतलं. नवऱ्याचा पत्ता नाही. मग त्याचा फोन आला. गाडीत एसीमध्ये त्याला गाढ झोप लागली होती. तो थेट शेवटच्या स्टेशनावर, तुआसला पोहोचला होता.

“ओसाका बुडालं!” चीफनी जाहीर केलं.

“बुडू दे,” बायको म्हणाली. “शनिवारीच तर झोपतो बिचारा.”

ते जोडपं पुढं जपानला गेलं ते टोकियोत खरेदी करून परत आलं. हिकोनेला गेलंच नाही. चीफना तोंड दाखवायला नको म्हणून आजही आमच्या ब्लॉककडे फिरकत नाहीत.

मला वाटायचं, या माणसानं हे गाव शंभरदा पाहिलं असणार. एकदा ते भाजी निवडायला बसले होते. (निवडतात चांगली, खोटं कशाला बोलू.) मी विचारलं, “तुम्ही शेवटचे कधी गेला होता?”

“कुठं?”

“तुमच्या त्या सासुरवाडीला. हिकोनेला.”

“मी? मी कधीच गेलो नाही.”

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

त्यांचं जहाज ओसाकाला लागायचं, नागोयाला लागायचं, पण चीफ इंजिन सोडून हलणार कसा? खलाशांच्या क्लबात भिंतीवर या गावाचं चित्र होतं, ते पाहून बायकोला फोनवर सांगितलं, एकदा आपण दोघं इथं जाऊ. बायको उषा. ती पुण्यात. तिकडे मुलाला जुळं झालं, म्हणून ती तिथं. इकडे रेवा, म्हणून हे इथं. दोन मुलांनी आईबाप वाटून घेतले होते. भांडण नाही, तंटा नाही, अगदी गोडीगुलाबीनं.

“अहो, मग तिला इकडे बोलवा की.”

“येते ना. वर्षाकाठी येते. आली की डबे करते, रेवाचा अभ्यास घेते. मी पुण्याला गेलो की जुळ्यांना बागेत नेतो. इथं ती आजी होते, तिथं मी आजोबा होतो. मधेच कुठंतरी भेटायला हवं, आक्का. तिला मुंबईहून टोकियोचं विमान आहे, मला इथून ओसाकाचं.”

“मग जात का नाही?”

“दर सुट्टीत ठरतं. एकदा जुळ्यांना ताप आला, एकदा जावयाचं काही निघालं. तोपर्यंत रस्ता पक्का करून ठेवतो.”

असं पुळचट बोलणं मला सहन होत नाही. मी त्याच संध्याकाळी मंजिरीला गाठलं. बिचारी पायातले बूट काढत होती.

“मंजिरी, तुझा बाप मला आठवडाभर दे.”

“काय करणार आहात आक्का त्यांचं?”

“जपानला पाठवणार आहे. रेवा माझ्याकडे जेवेल, माझ्याकडे झोपेल. कार्ल्याची भाजी मिळेल, आत्ताच सांगते.”

मंजिरी रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसांचं काही करता येत नाही, म्हणून मी तिच्या घरातली भांडी घासून टाकली. मग तिच्याच फोनवरून पुण्याला उषाच्या मुलाला लावला आणि त्यालाही विचारलं, आई किती दिवस उधार देशील. तो म्हणाला, “हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही.” खरं होतं. दोघांनी मुलांना कधी अक्षरानं सांगितलं नव्हतं. लिफ्टमध्ये भेटेल त्याला मात्र चीफ सांगत होते.

तिकिटं निघाली. चीफ असे घाबरले, की काय सांगू. पाच पँटी घ्याव्या की सहा, यावर माझ्याकडे दोन फेऱ्या झाल्या. उषाला फोनवरून रोज परीक्षा. “समजा, तू टोकियोत आहेस.” “मी पुण्यात आहे, आणि दूध उतू जातंय!” स्पीकर चालू असायचा, त्यामुळे एवढं मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. नियम तोच. ती टोकियोहून, हे ओसाकाहून, भेट हिकोनेच्या स्टेशनात. फोन बंदराला.

उषा आदल्या दिवशी टोकियोला पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी चीफचं विमान ओसाकाला उतरलं. मी रेवाला शाळेत पाठवून फोन समोर घेऊन बसले. दुपार झाली. फोन वाजला.

“आक्का, ती आली नाही!” चीफ. आवाज पार बसलेला. “सांगितलेली गाडी गेली, तिच्यानंतरची गेली. ती उतरलीच नाही.”

“हिकोनेला कशाला उतरेल इतक्यात, थोडं थांबा.”

“मी हिकोनेला नाही. मी मैबाराला आलोय.”

“का? तुमचं स्टेशन मागं राहिलं की!”

“ती एकटी गाडी बदलणार, आक्का. पाट्या जपानी. म्हटलं, पुढं जाऊन घेऊन यावं.”

इतक्यांच्या तालमी घेतल्या आणि आपल्या वेळेला हा माणूस नेमलेल्या जागी थांबला नाही. मी काय बोलणार होते ते तोंडातच राहिलं, कारण दुसरा फोन यायला लागला. उषा.

“आक्का, हे बाहेरच आले नाहीत हो. मी केव्हाची दारासमोर उभी आहे.”

“कुठल्या दारासमोर?”

“विमानतळाच्या. ओसाकाच्या.”

मी डोक्याला हात लावला. ती पहाटेच उठून नेमकी त्या तोऱ्याच्या गाडीत बसली होती आणि सगळं ओलांडून ओसाकाला गेली होती. तोवर चीफ तिथून केव्हाच निघून गेले होते.

“अगं बाई, तुला हिकोने सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं. पण मी लग्न झाल्यापासून ह्यांना घ्यायला जाते, आक्का. धक्क्यावर गेले, विमानतळावर गेले. हे बाहेर आले आणि समोर कुणी नाही, असं कधी झालंच नाही. मला नाही जमलं तिकडे जाऊन बसायला.”

मी तिला म्हटलं, आता फिर मागे आणि मैबाराचं तिकीट काढ. चीफना म्हटलं, हललात तर याद राखा. ते म्हणाले, मीच ओसाकाला जातो. मी म्हटलं, बिलकूल नाही, पुन्हा चुकामूक कराल.

हिकोने त्यांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं. त्याबद्दल तुम्ही विचाराल म्हणून सांगते, परत आल्यावर चीफ एवढंच म्हणाले, “किल्ल्याला जिने फार उभे आहेत. उषाचे गुडघे धरले.” लिफ्टमध्ये आता ते पावसाबद्दल बोलतात. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पण त्या दुपारी मी डाळ शिजायला टाकली आणि चीफचा पुन्हा फोन आला. मागं स्टेशनातली घोषणा चालू होती.

“आता काय?”

“काही नाही. उभाच आहे. आक्का, वाट बघताना माणूस नेमकं काय करतो?”

“म्हणजे?”

“उभं राहायचं की बसायचं? मला सवय नाही. मी नेहमी येणारा. ती असायची उभी.”

एरवी मी काहीतरी टाकून बोलले असते. “दोन्ही करून बघायचं,” मी म्हटलं. “दोन्हीनं काही होत नाही. येणाऱ्या गाडीकडे बघायचं.”

“बरं,” ते म्हणाले. फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. मी डाळ घोटली, फोडणी दिली, त्यांना चुर्र ऐकू गेलं असणार. एक गाडी आली, गेली. मग आणखी एक आली. ते अगदी हळू म्हणाले, “आक्का, निळी साडी,” आणि मग फोन बहुतेक हातात तसाच खाली गेला, कारण लांबून एका बाईचा आवाज आला, “अहो, किती वेळ उभे आहात?”

दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची मला चांगलीच खोड आहे. तरी मी फोन बंद केला.