तेयो बारागानचा नाच

टॉर्टियाच्या दुकानात मिर्नाची पाळी आली तेव्हा दुकानदाराने आवाज उतरवून विचारलं, "वहिनी, तेयोच्या घरचं कोणी गेलं का? काल गोल मारून कसा तोंड पाडून उभा होता."

घरी येऊन मिर्नाने गरम टॉर्टियांची पुडी नवऱ्यापुढे टेबलावर आपटली.

"तीन गोल मारलेस या हंगामात. तिन्ही वेळा मयताला आल्यासारखा उभा राहिलास. लोक आता माझं सांत्वन करायला लागलेत."

"समोर माझा जुना संघ होता."

"समोर तुझा जुना संघ नसतो कधी?"

पस्तिशीचा आघाडीवीर तेयो सतरा वर्षांत पंधरा संघांकडून खेळला होता, आणि त्या विभागात संघच मुळी सोळा होते. कुठे दोन हंगाम काढले, कुठे अर्धा. एकविसाव्या वर्षी जुन्या संघावर पहिला गोल मारून तो मनसोक्त नाचला होता. तेव्हा तिथली चायोमावशी, जिने त्याला वर्षभर स्वतःच्या हाताने जेवू घातलं होतं, कठड्याशी उभी राहून डोळे पुसत होती. त्या दिवसापासून त्याने ठरवलं, ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्यासमोर नाचायचं नाही. पुढे सगळ्याच गावांचं मीठ खाऊन झालं, त्याला तो काय करणार?

त्याच्या आताच्या संघाच्या, पोसो वेर्देच्या, प्रेक्षकांना हे कुठून माहीत असणार? ते शिट्ट्या मारून त्याची हुर्यो उडवू लागले. अध्यक्ष पालासुएलोसनी त्याला बोलावून घेतलं.

"आमच्याकडे करमत नाही का तुला?"

"करमतं, साहेब."

"मग तुझ्या थोबाडाला कळव ते."

ज्याचं मीठ खाल्लं नव्हतं असा राहता राहिला होता एकच संघ, सान ओनोफ्रे. हंगामातला शेवटचा सामना त्यांच्याशीच होता. साठाव्या मिनिटाला चेंडू तेयोच्या गुडघ्याला आपटून जाळ्यात गेला, आणि चौदा वर्षं दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर आलं. त्याने शर्ट काढून डोक्यावर गरगर फिरवला. कठड्यावर चढला. पाहुण्या प्रेक्षकांच्या नाकासमोर कंबर हलवून नाचला. दमून खाली उतरला, तर पंच त्याची वाट पाहत उभे होते. शर्ट काढल्याचं पिवळं कार्ड. पंचांशी हुज्जत घातल्याचं एक आधीच मिळालेलं. दोन पिवळी झाली, तेयो मैदानाबाहेर. उरलेल्या दहा जणांनी तीन गोल खाल्ले.

"दोन वर्षं खांबासारखा उभा होतास," पालासुएलोस म्हणाले, "आणि नाचायचा मुहूर्त आजचा काढलास?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याला विकून टाकलं. घेणारा संघ होता सान ओनोफ्रे.

त्या संघाच्या मालकीणबाई, सेन्योरा इबारोला, करार घेऊन स्वतः घरी आल्या. तेयो मान खाली घालून बसला.

"बाई, तुमच्या लोकांसमोर मी फार वाईट वागलो."

"वाईट? आमच्याकडे सामन्याला जेमतेम दोनशे माणसं येतात. सकाळपासून सगळे विचारतायत, तो नाचणारा म्हातारा कोण. कलम सात वाचा. दर गोलाला तोच नाच, फक्त शर्ट अंगात ठेवून. तुमची बंदी संपली की पहिला सामना पोसो वेर्देशी."

तेयोचा चेहरा उतरला. "तिथे नाही नाचता येणार. माझा जुना संघ आहे तो."

"कधीपासून?"

"आज सकाळपासून."

बाई मिर्नाकडे पाहू लागल्या. मिर्नाने कलम सात दोनदा वाचलं आणि पेन नवऱ्यापुढे सरकवलं.

"कर सही. गोल मारलास तरच नाचायचंय ना?"

तेयोने थोडा विचार केला. बायकोचं म्हणणं बिनतोड होतं. त्याने सही केली.