बंद भट्टीचे बरोबर आकडे

माझा प्रोग्राम चुकूच शकत नाही, हे मी बुढापारा मोहल्ल्यातल्या माझ्या खोलीत रोज मोठ्याने म्हणायचो. विरोध करायला कोणी नव्हतंच. राज्य वेगळं झालं, नोकऱ्यांची वाटणी झाली. मी रायपूरच्या कॉलेजात आलो आणि प्लाझ्मावरून माझ्याशी भांडणारा एकुलता एक सहकारी भोपाळलाच राहिला.

प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू, की त्यातून वीज वाहते. रायपूरबाहेर उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका पोलाद कारखान्यात विजेच्या भट्टीत तो असतो. तो कसा वागेल हे माझा प्रोग्राम कंप्युटरवर आधीच सांगायचा! भट्टीवरचे खरे आकडे त्याच्याशी जुळले, की नागपूरचे दोन प्रोफेसर बघायला येणार होते. म्हणजे दोन वर्षांनी कोणीतरी माझ्याशी प्लाझ्मावर बोलणार होतं.

भट्टीवरच्या हरिदासभाऊंना मी प्रोग्रामचे आकडे टाइप करूनच दिले. "असे यायला पाहिजे," ऐटीत सांगितलं. "मोजून शेजारच्या रकान्यात लिहा."

"हव सर."

दर गुरुवारी मी स्कूटरवर जायचो. धूळ नको म्हणून ते मला गेटजवळच्या खोलीत बसवायचे, चहा पाजायचे, माझं लेक्चर ऐकायचे. चार गुरुवारांत चारही रकाने जुळले. दशांशासकट! मी नागपूरला फोन केला. प्रिन्सिपॉलनी नोटीस बोर्डावर माझं नाव लिहिलं. मी अर्धा किलो पेढे घेऊन उरल्याला गेलो. हरिदासभाऊ खोलीत नव्हते, म्हणून थेट आत शिरलो.

भट्टी थंडगार. काठावर मांजर झोपलेली.

"भट्टी बंद काहून?"

"रिपेरिंग निघालं सर. महिना झाला."

"अन् आकडे?"

"तुमच्या कागदावरूनच त लिहून राहिलो. मोठे साहेब तपासाले येतात तवाही आम्ही असंच भरतो. जे यायला पाहिजे ते."

"अहो, बंद आहे म्हणून सांगायचं ना!"

हरिदासभाऊंनी पेढ्यांचा पुडा नुसता हातात धरला. "सांगितलं असतं त तुम्ही कायले आले असते? सगळ्यांले घरी पाठवलं. राखणीले मी एकटाच. दिवस दिवस कोनी बोलत नाही सर."

मला रागवायचं होतं. जमलं नाही. आम्ही मांजरीशेजारी बसून पेढे खाल्ले.

नागपूरच्या प्रोफेसरांना येऊ नका म्हणून कळवलं. त्यांनी कारणही विचारलं नाही. बोर्डावरचं नाव प्रिन्सिपॉलनी स्वतः पुसलं.

भट्टी पेटायला अजून दोन महिने आहेत. मोजण्यासारखं काही नाही. तरी गुरुवारी मी जातो. सोबत कागद नेतो, कोरा. नुसतंच गप्पा मारायला आलो म्हणायची लाज वाटते हो.