पुरावा मागणारे संपादक

साळवेकाका कवितेला पुरावा मागतात. कुणी लिहिलं, ‘माझं काळीज रक्तबंबाळ झालं’, की चष्मा कपाळावर चढवून विचारणार, “पुरावा काय?” जन्मभर कोर्टात कारकुनी केली, त्याचा हा परिणाम. रिटायर झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात, देवदर्शनाला जातात. या गृहस्थांनी शहरातल्या गारखेडा भागात दोन खोल्यांत बसून कवितांचं ऑनलाइन मासिक काढलं. मी नेमकी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते, म्हणून कॉम्प्युटरचं सगळं लचांड माझ्या गळ्यात पडलं.

काम असं: आलेल्या कविता मी कागदावर छापून काढायच्या, कवीचं नाव कात्रीनं उडवायचं आणि गठ्ठा काकांपुढं ठेवायचा. “नाव बघितलं की नजर बिघडती,” हे त्यांचं म्हणणं. एकदा एका बड्या प्राध्यापकांची कविता परत गेली. त्यांचा फोन आला, “मी कोण आहे माहीत आहे का?” काका खूश होऊन म्हणाले, “नाय ना! तीच तर आमची पद्धत हाय.”

परत जाणाऱ्या प्रत्येक कवितेवर काका शेरा लिहीत, आणि तो कवीला शब्दन् शब्द कळवायचा, हाही नियमच. ‘आभाळ, पाखरू आणि मन एकाच ओळीत आली आहेत. एकावर भागवावं.’ असले शेरे टाईप करताना मी हसून हसून बेजार व्हायची.

त्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली. शहर मात्र चहूकडं फुगत होतं. आमच्या मागं तीन नव्या इमारती उठल्या आणि आमचं बोअर आटलं. नळाला आठवड्यानं पाणी, तेही आलं तर. खाली टँकरची रांग, आणि मासिकाकडं पावसाच्या कविता धो धो. “आभाळात थेंब नाय अन् हितं पूर आलाय,” काका करवादायचे. रांगेत मात्र ते कधी गेले नाहीत. तिथं काकू जायच्या. काका संपादक ना!

एका दुपारी काकू वर आल्या आणि पदराखालून वहीचं पान काढलं. “हे टाईप कर अन् त्यांच्या गठ्ठ्यात घाल. नाव झाकतीस ना? मंग झाक.”

मी उडालेच. लग्नाला चाळीस वर्षं झालेली, अन् ही बाई लिहिते हे घरात कुणाला ठाऊक नाही! पानावर होतं:

टँकर आला की सगळ्या पळतात,
नाही आला की गुपचूप घरी जातात.
मी रिकाम्या रस्त्याशी बोलत बसते.

मला गंमत वाटली. म्हटलं, काका नक्की घेतील, मग नाव सांगू, पेढे मागू. अक्कल गहाण ठेवली होती मी.

काकांचा शेरा आला: ‘पुरावा नाही. पाणी न मिळाल्यास बाया गुपचूप जात नाहीत, भांडतात. कवयित्रीनं एकदा तरी रांगेत उभं राहून बघावं.’

तो कागद मी काकूंच्या हातात दिला. तोंडी एखादी थाप मारली असती तर काय बिघडलं असतं? आजही जीव चुटपुटतो. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली. “आसंल,” म्हणाल्या. “मी कुठली कवी!” अन् दोन हंडे उचलून रांगेकडं गेल्या.

पुढं वर्षाचा शेवटचा अंक लावताना काका फुशारकीनं म्हणाले, “माझ्या हातून एकबी चांगली कविता सुटली नाय.” माझं टाळकंच सरकलं. “सुटली, काका. तुमच्याच घरातली,” म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं.

काका दुसऱ्या दिवशी काकूंच्या हातातले हंडे घेऊन स्वतः रांगेत जाऊन उभे राहिले. टँकर आला नाही. दोन तासांनी जिना चढून माझ्याकडं आले, घामानं निथळलेले.

“घरी जातात गं,” म्हणाले. “कुणी भांडत नाय. लई चुकलं माझं.”

कविता आता छापू म्हणाले, तर काकूंनी साफ नकार दिला. “दयेची नको मला.” मग काकांनी संपादक या नात्यानं रीतसर पत्र लिहिलं आणि स्वतःच्याच घराच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवलं. ‘आमची चूक झाली. आपली नवी कविता वाचायला आवडेल.’ पोस्टमन आला तेव्हा काका खुर्चीतच होते. काकूंनी पत्र उभ्यानं वाचलं.

“मुदत किती?”

“मुदत नाय.”

“मंग बघू,” म्हणाल्या आणि पत्र कपाटात ठेवलं.

त्याला दोन उन्हाळे झाले. रोज सकाळी काका जिना चढून येतात आणि दारातूनच विचारतात, “तिनं काही दिलं का?” मी म्हणते, नाही काका. ते मान हलवून खाली जातात. खाली काकू चहा गाळत असतात. दोघं समोरासमोर बसून चहा पितात, आणि काकूंना ते काही विचारत नाहीत.